डेसचं दुसरं टेबल

पायरीवर क्लेमचे बूट वाजले तसं डेसनं बटण दाबलं. समोरच्या स्क्रीनवरचं वकीलबाईचं पत्र सरकन बाजूला गेलं आणि ट्रकांचा नकाशा आला. दुसऱ्या हातानं त्यानं बाजूचा मोठा स्क्रीन ढकलून खिडकीकडं वळवला, खिडकीचं शटर वर केलं आणि तोंडात सँडविच कोंबलं.

"कुठं जायचंय?" क्लेमनं खिडकीतून विचारलं.

"क्विल्पी. गुरं आणायची. बाहेर स्क्रीनवर दिसतंय की रे सगळं."

"तुझ्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं," क्लेम म्हणाला आणि गेला.

हे हल्ली रोजचंच झालं होतं. कोणता ट्रक कुठं जाणार ते ड्रायव्हरांनी खिडकीतल्या स्क्रीनवर बघून घ्यायचं, हीच चार्लव्हिलच्या त्या डेपोची रीत. पण आताशा बेव्ह काय, क्लेम काय, सगळे डेसलाच विचारायला लागले होते. दोन शब्द बोलायचे, पाठीचं दुखणं विचारायचे आणि जायचे. डेसला ते टोचायचं. ही माणसं इतक्या मायेनं बोलतात, आणि आपण यांच्या पाठीमागं काय करतोय?

डेस स्वतःचा डेपो विकत होता.

पाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि ब्रिस्बेनला राहणारी त्याची पोरगी 'इकडंच ये' म्हणून मागं लागली होती. विकण्यात पाप काहीच नव्हतं. पण ड्रायव्हरांना कुणकुण लागली असती तर ते दुसरी नोकरी बघायला लागले असते, आणि ड्रायव्हर नसलेला डेपो म्हणजे नुसते पत्रे. म्हणून डेस गप्प होता. दुष्काळात मोठे डेपो बोलवत असताना हीच माणसं त्याला सोडून गेली नव्हती. बायको गेली तेव्हा तिच्या शवपेटीचा पुढचा कोपरा क्लेमच्या खांद्यावर होता. हे सगळं त्याला रोज आठवायचं, आणि तरी रोज दुपारी तो शटर खाली ओढायचा.

दोन टेबलांची युक्ती त्याला कॉम्प्युटरवाल्यानं शिकवली होती. एकाच कॉम्प्युटरात दोन टेबलं मांडल्यासारखं समज, तो म्हणाला होता. बटण दाबलं की एक टेबल जातं, दुसरं येतं. डेसच्या पहिल्या टेबलावर ट्रक, गुरं, डिझेल. दुसऱ्यावर विक्री. दुपारी शटर पाडलं की तो बटण दाबून दुसऱ्या टेबलावर जायचा, खिडकीकडचा स्क्रीन स्वतःकडं ओढायचा आणि अक्षरं बोटाएवढी मोठी करून त्यावर उत्तरं लिहायचा. कुणी आलं की पुन्हा बटण, आणि स्क्रीन परत खिडकीकडं.

घेणारी कंपनी 'कूलिबा' नावाची. माणूस कोण ते माहीत नाही, सगळं त्यांच्या वकीलबाईमार्फत. पण माणसं भली असावीत. एकदा डेसनं लिहिलं होतं, माझ्या ड्रायव्हरांना कामावर ठेवा. मग वाटलं, अशा अटीनं गिऱ्हाईक पळेल, आणि पत्र पाठवलंच नाही. तेवढ्यात बेव्ह चावी मागायला आली, ते तसंच राहिलं. पुढच्याच आठवड्यात कूलिबाकडून आपणहून तीच अट आली. डेसला भरून आलं होतं.

पण मग वकीलबाईनं विचारलं, सगळे ड्रायव्हर धड आहेत ना? आणि डेसनं लिहिलं, 'क्लेमला हल्ली नीट दिसत नाही. त्याला कामावर ठेवू नका.' फाटकाला ट्रक घासला होता क्लेमनं दोनदा, ते खरंच. पण हे लिहिताना त्याला पेटीचा तो कोपरा आठवला होता, आणि तरी त्यानं ते पाठवलं होतं.

सह्यांचा दिवस आला. वकीलबाई जेवणाच्या सुमाराला येणार होती. डेसला सकाळपासून काही गोड लागेना. शेवटी तो उठला. क्लेम ट्रकच्या सावलीत उकिडवा बसून खिमा भरलेला मीट-पाय खात होता. डेस त्याच्याशेजारी टेकला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. विकतोय. आज. लपवलं, चुकलं माझं.

क्लेमनं सॉस पुसला. "घेणारे कसे आहेत?"

"चांगले आहेत. सगळ्यांना ठेवतायत."

"मलापण?"

डेसनं खाली मातीकडं बघितलं. खरं सांगायला हीच वेळ होती. "तुलापण," तो म्हणाला.

"बरं झालं," क्लेम म्हणाला, आणि उरलेला अर्धा मीट-पाय त्याच्यापुढं केला. "खा. सकाळपासून उपाशी दिसतोयस."

डेसनं घेतला आणि तसाच हातात धरून बसला.

एवढ्यात धूळ उडवत वकीलबाईची गाडी आत आली. तिनं डेसशी हात मिळवला आणि कागद बॉनेटवर पसरले. डेस फाटकाकडं बघत राहिला. मागून दुसरी गाडी काही येईना. कूलिबावाले कुठं राहिले, त्यानं विचारलं.

वकीलबाईनं त्याच्याकडं जरा नवलानंच बघितलं, कागदावर 'कूलिबा'च्या नावाखाली बोट ठेवलं आणि पेन क्लेमच्या हातात दिलं. शेडमधून बेव्ह हात पुसत आली. तिच्यामागं बाकीचे ड्रायव्हर आले आणि सहीसाठी रांगेत उभे राहिले.

"त्या बटणानं तुझ्या समोरच्या स्क्रीनवरचं टेबल तेवढं बदलतं, डेस," क्लेम म्हणाला. "खिडकीकडच्या स्क्रीनवर मांडलेलं आहे तसंच राहतं. आम्ही सगळे तिथं उभं राहून वाचायचो." त्यानं वाकून सही केली, पेन बेव्हला दिलं. "माझ्याबद्दलचं तेवढं मी जवळ येऊन वाचलं नाही. ते मला तिकडून, ट्रकात बसल्या बसल्या दिसलं."