बेल की तुळस

सिल्वेस्टर दारात आला तेव्हा बकुळा फोटोला हार घालत होती. फोटोतला तिचा थोरला लवू बास्केटबॉल काखेत धरून हसत होता.

"ये रे. चपला आत घे. आज पोरं कुणाच्याही चपला लाथाडतायत."

परळच्या त्या चाळीतून कालचा जल्लोष अजून ओसरला नव्हता. संयुक्त महाराष्ट्र झाला होता. गॅलरीभर पताका होत्या, खाली कुणीतरी उरलेले फटाके उडवत होतं. बकुळाच्या खोलीत मात्र देवापुढची समई तेवढी जळत होती.

सिल्वेस्टर नेहमीच्या जागी, दोन रिकाम्या खुंट्यांखाली बसला. बकुळाचा सोमवार होता. उपास सोडायची वेळ झाली होती. तिनं फोटोपुढे नैवेद्य ठेवला. दाराजवळ आणखी एक ताट झाकून ठेवलेलं होतं. सिल्वेस्टरनं ते पुढे ओढलं.

"ते नको. तुझं वेगळं वाढते."

त्यानं ताट मागे सारलं.

"मावशी, उद्या पुण्याला जायचं म्हणतोय. एका शाळेला बास्केटबॉलची टीम बांधायचीय. मला बोलावलंय."

"बरं झालं की."

"हो म्हटलं नाही अजून. पोरं निवडायची म्हटली की मला घाम फुटतो. तू म्हण, माझ्यावर राग नाही. मग जातो. नाहीतर इथंच बरा आहे."

बकुळा वात सारत राहिली. तेवढ्यात शेजारची चंपा पेढे घेऊन आत आली.

"काय कप्तान! अजून बेल-तुळस करतोस काय?" म्हणाली, आणि जीभ चावून उभी राहिली.

ती रीत हुतूतूची. सारख्या ताकदीच्या दोन भिडूंनी बाजूला जाऊन गुपचूप नावं घ्यायची आणि कप्तानासमोर यायचं. कप्तान जे नाव उच्चारेल तो भिडू त्याचा. कुणाला तोंडावर नको म्हणायची पाळी येत नाही. सिल्वेस्टरनं तीच रीत चर्चच्या आवारातल्या बास्केटबॉलला आणली होती. पुण्याच्या सामन्यांसाठी एकच जागा उरली होती, तेव्हा लवू आणि दौलत खांद्यावर हात टाकून त्याच्यासमोर आले.

"बेल हवा की तुळस?"

"बेल," सिल्वेस्टर म्हणाला. बेल म्हणजे दौलत निघाला.

चाळीनं सिल्वेस्टरला सोलून काढलं. "डोळे गहाण टाकले होते काय रे? लवूचा हात नुसता वर केला तरी रिंगला लागतो. आणि हा दौलत! बॉल याला खेळवतो." कुणी म्हणालं, कप्तानाला धमक नाही म्हणून पोरखेळावर भागवलं. मग पुण्याहून बातमी आली, शेवटची बास्केट दौलतनं मारली, सामना जिंकला. त्याच तोंडांनी चाळ म्हणाली, कप्तानाची नजर बघा!

संघ परत यायच्या आत मतं पुन्हा फिरली. लवू मुंबईत राहिला होता. फाउंटनच्या मोर्चात गेला आणि गोळीबारात पडला. त्यानंतर सिल्वेस्टर आला की ओट्यावरची बोलणी थांबायची, एवढंच.

"दौलत खडकीला कारखान्यात आहे म्हणे," सिल्वेस्टर आता म्हणाला. "बॉलला हात लावत नाही."

"इकडे पण फिरकत नाही," चंपा म्हणाली. "येईल कुठलं तोंड घेऊन?"

"चंपा, तुझं दूध वर आलं असेल," बकुळा हळू म्हणाली.

चंपा पेढे ठेवून गेली. बकुळानं सिल्वेस्टरपुढे ताट ठेवलं, वरणावर तूप घातलं.

"तू बेलच का म्हणालास रे?"

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. सिल्वेस्टरचा घास हातातच राहिला.

"मला कुठं बेल नि तुळस कळतंय, मावशी? त्या सकाळी तू गल्लीच्या तोंडाला भेटलीस. हातात तबक, वर बेलाची पानं. मला थांबवलंस. एक पान माझ्या हातावर ठेवलंस, म्हणालीस, यश येऊ दे. पोरांनी विचारलं तेव्हा ते पान माझ्या खिशात होतं. तेच तोंडात आलं." तो ओशाळून हसला. "तुझा सोमवार असेल तो."

"मंगळवार होता."

"असेल. मला सगळे वार सारखे."

तो जेवला. हात धुऊन फोटोसमोर उभा राहिला, क्रूस केला.

"मग काय कळवू त्या शाळेला?"

"हो कळव. चांगली पोरं निवड. बघून निवड."

"तू मनापासून म्हणतेस?"

"सोमवारी खोटं बोलत नाही मी. तुझ्याकडून काही चुकलेलं नाही, सिल्वेस्टर. कधीच नव्हतं."

त्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, मावशी मन मोठं करून बोलतेय. तो चपला घालायला वाकला.

बकुळानं दाराजवळचं झाकलेलं ताट उचललं. भाकरी आणि कोरडी भाजी फडक्यात बांधली, वर चंपाचा एक पेढा ठेवला आणि गाठ मारली.

"पुण्याला पोचलास की खडकीला जा. हे दौलतला दे."

सिल्वेस्टरनं पुरचुंडी हातात घेतली. "घेईल तो?"

खाली एक फटाका वाजला. बकुळानं तो विरेपर्यंत थांबून घेतलं. मग पदरानं हात पुसत म्हणाली,

"घेईल. म्हणावं, बेल नाव घे असं आईनं तुझ्या कानात सांगितलं, तेव्हा तिला एवढंच वाटलं होतं, थोरला नेहमीच जातो, एकदा धाकट्यानं जावं."