घरात रेंज येणारा फोन

"हा परत घे, मावशी. दुसरा दे." एस्नाथने फोन माझ्या टेबलावर आपटला. हा तिने परत आणलेला तिसरा फोन! मझिम्बाच्या बाजारात इतकी वर्षं फोन विकतेय, पण असलं गिऱ्हाईक बघितलं नाही.

"तुझ्या सिमला चालणारा, दणकट फोन निवडून दिला, बाई. रेंज येत नाही का?"

"येते. चुलीपाशीसुद्धा येते."

"मग रडतेस कशाला? रेंजसाठी त्या उंच वारुळावर चढून बोलायचा त्रास वाचला की!"

"मला वारुळावरच लागणारा हवाय."

"डोकं फिरलंय तुझं!"

"वारुळावर स्पीकर लावला की सगळा गाव ऐकायचा, मावशी. नवरा जोहान्सबर्गहून किती गोड बोलायचा तेव्हा." तिने पदराच्या टोकासारखं कमरेच्या चितेंगे कापडाचं टोक बोटाला गुंडाळलं. "आता घरात तो काय बोलतो, ते मी एकटीच ऐकते."