हेतवीच्या कविता

आईचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी शेजारची गुजराती हेतवी चित्रांचं पुस्तक घेऊन आईच्या गोत्री भागातल्या फ्लॅटच्या दारात उभी राहिली. आई तिला रोज एकेका चित्रावर चार ओळींची कविता करून द्यायची. पुण्याहून आलेल्या वसुंधराला त्या पहिलीतल्या पोरीचा हेवा वाटला. आईने आपल्या मुलीला कधी एक ओळ ऐकवली नव्हती.

तरी तिने हत्तीच्या चित्रावर चार ओळी जुळवल्या.

“असं नाय, दीदी!” हेतवी फुरंगटली. “मासी तर हत्तीवर वसूला बसवायची. होडीत पण वसू, रिक्षात पण वसू. मी केवढं म्हणायची, एकदा तरी मला बसवा ना!”

वसुंधराने पुस्तकात होडीचं पान शोधलं.

“कोण आहे ही वसू? मला ती जरा पण गमत नाय, आवडत नाय.”