लाल डोक्याची टाचणी

"पायाला काही टोचलं होतं का?" डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं आणि तिने तिसऱ्यांदा मान हलवली. नाही.

धादांत खोटं. टाचणी तिच्याच पर्समध्ये होती, कागदाच्या पुडीत. लाल डोक्याची, तिच्याच शिवणाच्या डब्यातली.

टेबलावर तिचा नवरा डावा पाय पसरून पडला होता. मधुमेहाने त्याचे तळवे केव्हाच बधिर झाले होते. ज्या पायाने तीस वर्षं ट्रकचा क्लच दाबला, त्यात खिळा घुसला तरी साहेबांना पत्ता नसायचा. म्हणून ती रोज आंघोळीनंतर हातआरसा घेऊन त्याचे तळवे बघायची, आणि शिवण आटोपलं की जमिनीवरून लोहचुंबक फिरवायची. सहा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

मग त्याच्या शर्टाच्या खिशात चॉकलेटचे चार कागद सापडले. "तुमचा पाय, आता तुम्हीच बघा!" म्हणून तिने अबोला धरला. तोही काही कमी हट्टी नव्हता. "जेवण झाकून ठेवलंय," हे ती भिंतीला सांगायची. "मीठ कमी आहे," हे तो फ्रिजला. त्या रागात तिने ना आरसा हातात घेतला, ना लोहचुंबक. दहाव्या दिवशी चादरीवर पिवळट डाग दिसला. दुपारी तो घोरत होता तेव्हा तिने तळव्यातून टाचणी उपसली, पुडीत बांधली आणि त्याला उठवून दवाखान्यात आणलं. तेव्हापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं. आपल्याच हाताने आपण नवऱ्याचा पाय घालवला, हे एकच डोक्यात घोळत होतं.

तीन आठवड्यांची इंजेक्शनं वाया गेली. जखम अंगठ्यामागच्या हाडापर्यंत गेली होती.

"रक्तच नीट पोचत नाही तिथे, औषध कुठून पोचणार?" डॉक्टरीणबाई वाटीतल्या पांढऱ्या भुकटीत अँटिबायोटिक कालवत म्हणाल्या. त्याचे त्यांनी वाटाण्याएवढे मणी पाडले. "हे थेट हाडाशी ठेवते. तिथल्या तिथे विरघळतील. पण आत एक्स-रेत न दिसणारा एखादा तुकडा राहिला असेल, तर मण्यांचाही उपयोग नाही. मग पाय कापावा लागेल. म्हणून विचारतेय, बाई. आठवून सांगा."

नवरा मध्येच म्हणाला, "बधिर माणसाला काय कळतंय, डॉक्टर? आणि हिला तरी काय माहीत?"

तो आपली बाजू घेतोय, हे बघून तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पर्स उघडली आणि पुडी पुढे केली.

डॉक्टरीणबाईंनी टाचणी उजेडात धरून टोकापर्यंत निरखली. "अख्खी आहे. आत काही राहिलेलं नाही." त्या जराशा हसल्या, "हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना!" आणि खाली वाकून एकेक मणी जखमेत ठेवू लागल्या.

तिला रडू आवरेना. "माझ्यामुळे झालं हो सगळं," ती नवऱ्याला म्हणाली. "माझी टाचणी. आणि नऊ दिवस मी बघितलंसुद्धा नाही."



"मी बघितली होती," तो म्हणाला. "अबोल्याच्या दुसऱ्याच दिवशी. तुझाच आरसा घेऊन."

तिचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले. "मग उपटून का नाही टाकलीत?"

"रोज वाटायचं, आज तरी तू पाय बघायला बसशील," तो म्हणाला. "टाचणी दिसली की ओरडशील. तेवढं तरी बोलशील माझ्याशी."