शेजारचा उंचवटा

"अशुद्ध. फेकून द्यावे."

तपासणीला दिलेल्या तिसऱ्या बाटलीवरही तोच शेरा. एरवी ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली असती. प्रयोगशाळेने तिला हे नाव उगाच दिलं नव्हतं. पण आज ती हसली. दात ओठ खात, पण हसली.

आधीच्या दोन बाटल्यांत तिने बनवलेलं नवं औषध होतं, गंधक असलेलं सल्फोनामाइड. हट्टी जंतूंनाही लोळवणारं. आजच्या बैठकीत ते मंजूर झालं नाही, तर काम कायमचं बंद होणार होतं.

मास स्पेक्ट्रोमीटरवर, रेणू फोडून तोलणाऱ्या यंत्रावर, बसणारे थोरले सर दोन्ही वेळा म्हणाले होते, "रेणू तुझाच आहे. फुटताना गंधकाचा तुकडाही बरोबर गळतोय. पण आलेखात शेजारी हा दुसरा उंचवटा बघ. घाण आहे ती. कच्चा माल बदल."

"गोदामातलाच माल आहे, सर. सगळे तोच वापरतात."

"मग सगळ्यांना सांग."

"म्हातारा तुझी डाळ शिजू द्यायचा नाही," मैत्रीण म्हणाली होती. "त्याचं स्वतःचं औषध चाचणीसाठी रुग्णांपर्यंत पोचलंय. आता दुसऱ्या कुणाचं कशाला हवंय त्याला?"

म्हणून तिसऱ्या बाटलीवर ठिणगीने स्वतःचं नाव चिकटवलं आणि आत सरांचं औषध भरलं. वॉर्डात गेलेल्या नव्या खेपेतलं. सरांची खेप तपासून बघायची कुणाची टाप नव्हती.

आलेख घेऊन ती थेट बैठकीत घुसली.

"ही तुमची पूड आहे, सर! तुमची! माझं नाव वाचलं की तुमच्या यंत्राला घाण दिसते. एवढं वय झालं, जराही लाज नाही?"

"अगं, हळू," संचालकबाई म्हणाल्या.

"का हळू? राबताना मला कुणी हळू म्हणालं नाही!"

बाई सरांकडे वळल्या.

"सर, काहीतरी बोला," बाई म्हणाल्या.

सरांनी आलेख ओढून घेतला. मघाशी नुसता शेजारचा उंचवटा बघितला होता, आता त्यांनी मुख्य उंचवट्यावरचा आकडा वाचला: रेणू त्यांचाच. ते बघून ठिणगीच्या जिवाला थंडावा मिळाला.

"कुठल्या खेपेतलं?"

"कालच्याच. आता सबबी शोधू नका."

सरांनी टेबलावरचा फोन उचलला.

"वॉर्ड? माझं औषध थांबवा. सगळ्यांचं. आत्ताच्या आत्ता!"