भेकाची साक्ष

“पोराला आत घ्या, आन् मग काठी घाला.”

वडिलांचा हा आवाज ज्योतीरामच्या कानात वीस वर्षं राहिला होता. गावाकडं, मारुंजीच्या घरामागं त्यांनी त्याचं कुत्रं मारवलं. तोंडाला फेस आला होता, एवढंच निमित्त. लग्नानंतर त्यानं हे एकदा सरूला सांगितलं. पुन्हा कधी विषय काढला नाही.

आज पहिली शिफ्ट संपवून तो चिंचवडच्या कॉलनीत शिरला, तर त्याच्याच फाटकासमोर माणसं जमलेली. शेजारचा हिंदुराव हातात पहार घेऊन उभा. मेंदीच्या कुंपणाखाली त्याचा कुत्रा चांद्या थरथरत पडलेला, जबड्यातून फेस गळतोय. आणि मध्ये, वाट अडवून, सरू.

“पिसाळलंय ते. सरका वहिनी.”

“न्हाई पिसाळलं. भेक धरला त्यानं तोंडात. मी डोळ्यांनी पाहिला.”

“मग बोलवा की भेकाला साक्षीला.”

दोघं-तिघं हसले. सरू हसली नाही.

ज्योतीरामला मात्र लगेच पटलं. चांद्याची तऱ्हा त्याला ठाऊक होती. परसात मुंगूस आलं की हा मागं सरून कण्हायचा. घोरपडीला लांबूनच शिव्या घालायचा. सरड्यापायी कुंपणावर चढू बघायचा. पण भेक, तो खरबरीत पाठीचा मोठा बेडूक, दिसला की नाक लावल्याशिवाय याचा जीव राहत नसे. गावाकडची कुत्री साळिंदराच्या नादानं नाकात काटे भरून घेत, त्यातलंच हे वेड. भेकाचा चीक जिभेला लागला की कुत्र्याला फेस येतो, पाण्यानं तोंड धुतलं की उतरतो, हे त्याला एका धनगरानं सांगितलं होतं. तोवर मारुंजीचं कुत्रं मातीत गेलं होतं.

त्यानं बादलीभर पाणी आणून चांद्याचं तोंड धुतलं. गुरांचे डॉक्टर आले, लांबूनच बघून म्हणाले, “दहा दिवस साखळीला ठेवा. पिसाळलेलं असलं तर तेवढ्यात मरेल. कुणाला चावलंय का?”

“न्हाई,” सरू म्हणाली.

“चावलं असतं, तर डॉक्टरची वाट कोण बघतंय,” हिंदुरावनं पहार भिंतीला टेकवली.

मग रोज संध्याकाळी हिंदुराव पाण्याचं भगुणं घेऊन यायचा. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हे त्याला पक्कं माहीत. चांद्या लपालपा पाणी प्यायचा. हिंदुराव मान हलवायचा, “आज प्यालं. उद्याचं उद्या.” ज्योतीराम मशीनवर उभा असला तरी त्याचं मन त्या साखळीशी असायचं.

या दिवसांत सरू जपून बसू-उठू लागली. लुगडं सैल नेसायची. वाकताना हात पोटावर जायचा. भरलेली कळशी तिनं एकदा अर्ध्या वाटेत खाली ठेवली.

“भावजी,” हिंदुरावची यशोदाबाई कुंपणावरून म्हणाली, “सरू रोज सकाळी दवाखान्याच्या रांगेत दिसती. आमच्यापासनं लपवता व्हय? पेढे कधी?”

लग्नाला चार वर्षं झाली होती. घरात पाळणा नव्हता. नळावरचं पाणी ज्योतीरामच भरू लागला. एका संध्याकाळी चिंचेच्या गोळ्यांची पुडी घेऊन आला. सरूनं पुडीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि पुडी फळीवर ठेवून दिली. लाजत असेल, त्याला वाटलं. सांगेल तेव्हा सांगेल.

दहाव्या संध्याकाळी चांद्यानं भगुणं चाटून कोरडं केलं. हिंदुरावनं स्वतःच्या हातानं साखळी सोडली.

“वहिनी, चुकलं माझं. तुमचा भेक खरा.”

चांद्या परसाला दोन फेऱ्या मारून आला आणि थेट मेंदीत तोंड खुपसून वास घेऊ लागला. ज्योतीरामला भरून आलं. तो आत गेला. सरू चुलीपुढं बसली होती.

“वाचला बघ तुझ्यामुळं. आता तरी सांग. मी किती दिवस वाट बघतोय.”

“कशाची?”

त्याची नजर तिच्या पोटावर गेली. सरूला उमगलं, तसे तिचे डोळे भरले. ती उठली, दार लोटून घेतलं, आणि नेसूची गाठ खाली सरकवली. बेंबीभोवती हिरवे-निळे डाग होते. काही सुजलेले. प्रत्येकाच्या मधोमध सुईचं टोचणं.

“आजचं दहावं,” ती म्हणाली. “चौदा घ्यायची होती. पण कुत्रं धड असलं तर उद्यापासनं येऊ नका, म्हणालेत.”

“इंजेक्शनं? तुला कशाला?”

“भेक मी पाहिलाच नव्हता. तुम्ही यायच्या आधी चांद्या माझ्या पोटरीला चावला होता.”