खांद्यावरच्या पट्ट्या

डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यात रचना रेसिंग ड्रायव्हरांचे न पेटणारे सूट शिवायची. त्या दिवशी खांद्याच्या पट्ट्या बदलायला आलेल्या एका सुटावरचं नाव वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शीळ रोडवर तिच्या डोळ्यांदेखत तिच्या नवऱ्याला उडवून, न थांबता पळालेला तो हाच. जामिनावर सुटून खुशाल शर्यतीत गाड्या पळवत होता.

शेजारच्या मशीनवरची सेसिलिया तिच्या कानाशी लागली, "गाडी पेटली की ड्रायव्हरला याच पट्ट्या धरून बाहेर खेचतात ना? मग सोड चार टाके कच्चे. कोणाला कळतंय?"

रचनाने पट्ट्यांवर तिहेरी शिलाई मारली.

रविवारी शर्यतीत त्याची गाडी खरंच पेटली. लोकांनी पट्ट्या धरून त्याला ओढून काढला, अंगावर साधा चटकाही नाही. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर तो व्हिडिओ बघून सेसिलिया भडकली, "वाचवलंस ना त्या मुडद्याला!"



रचनाने दाताने दोरा तोडला. "आरोपी मेला की केस बंद होते गं. परवा कल्याण कोर्टात माझी साक्ष आहे. तिथनं त्याला कोण ओढून काढतो, बघतेच मी."